रोपांची ऑर्डर, विसाराचे पैसे आणि दिलेला शब्द



गेल्या पूर्वहंगामी लागणीच्या वेळची गोष्ट. सकाळी दहाच्या सुमारास गट ऑफिसच्या दारात दोन मोटारसायकली येऊन थांबल्या. दोघेही आपल्याच कारखान्याचे सभासद. एकाची घराशेजारी ऊसरोपांची रोपवाटिका, दुसऱ्याची नदीकाठी एक एकर काळी जमीन. दोघे बाकाच्या दोन टोकांना बसले. आम्ही चहा सांगितला. चहा आला, निवला, पण कप कोणी उचलला नाही. प्रकरण साधे नाही हे तिथेच आमच्या ध्यानात आले.

घेणारे म्हणाले, "साहेब, तीन हजार विसार दिलाय मी. रोपं माझी. यांनी ती परस्पर दुसऱ्याला दिली."

देणारे म्हणाले, "वीस तारखेला न्यायची होती. पुढं दहा दिवस वाट बघितली. ना माणूस, ना निरोप. रोपं ट्रेमध्ये पिवळी पडायला लागली, मग काय उकिरड्यावर टाकू?"

"निरोप दिला नाही कसं म्हणता? परतीच्या पावसानं रानात वाफसा नव्हता. आठ-दहा दिवस थांबा म्हणून मी सांगितलं होतं."

"कुणाला सांगितलं?"

यावर घेणाऱ्यांनी आमच्याकडे बोट केले. आणि मंडळी, ते खरे होते. त्यांचा फोन आम्हालाच आला होता. "रोपवाटिकावाल्यांचा फोन लागत नाही, तुम्ही तिकडून जाताना तेवढं सांगा," असे ते म्हणाले होते आणि आम्ही "हो, सांगतो" म्हटले होते. त्या दिवशी तीन गावांच्या ऊस नोंदी करता करता ते सांगायचे राहून गेले. चूक आमची होती. ती कबूल करायला आम्हाला अर्धा मिनिट लागला, पण तो अर्धा मिनिट फार लांब वाटला.

देणाऱ्यांनी त्याच दिवशी विसाराचे तीन हजार परत केले. पण नवीन रोपे तयार व्हायला महिना-सव्वा महिना लागणार, तोवर पूर्वहंगामी लागणीची वेळ टळलेली. त्या एक एकराची लागण सुरू हंगामावर गेली. पैसे परत आले, हंगाम परत आला नाही. त्यातून एका शिवेतली दोन माणसे एकमेकांना रामराम घालायची थांबली.

तेव्हापासून आम्ही ठरवले होते की या विषयावर एकदा सविस्तर लिहायचे. आपल्या कार्यक्षेत्रात रोपवाटिका चालवणारी सभासद कुटुंबे वाढत आहेत. कुठे बचत गटाच्या बायका चालवतात, कुठे शिकलेली पोरे चालवतात. मधे दुकानदार नाही, दलाल नाही, रोपे करणारा आणि लावणारा समोरासमोर. ही चांगली गोष्ट आहे. पण मधे कोणी नाही म्हटल्यावर ऑर्डर घेणे, पैसे घेणे, माल देणे आणि शब्द पाळणे ही चारही कामे एकाच माणसाच्या डोक्यावर येतात. रोपे करायला आपण शिकलो. व्यवहार करायला शिकणे अजून बाकी आहे.

रोप म्हणजे दुकानातला माल नव्हे

भांड्याच्या दुकानातली कळशी आज नाही विकली तर दिवाळीला विकता येते. रोपाचे तसे नाही. एक डोळा कांडी कोकोपीटच्या ट्रेमध्ये लावल्यापासून साधारण ३० ते ३५ दिवसांत रोप लागणीजोगे होते. थंडीत थोडे दिवस जास्त. पुढे ते तसेच कपात राहिले तर मुळ्या कपातच गोल गोल फिरतात, पाने पिवळी पडतात, आणि असे रोप रानात गेल्यावर लवकर उचल घेत नाही.

म्हणून रोपाची ऑर्डर ही तारखेची ऑर्डर असते. रोपवाटिकावाल्याने महिनाभर आधी बेणे तोडलेले असते, कोकोपीट आणलेले असते, बायकांची मजुरी दिलेली असते. घेणाऱ्यानेही तितक्याच भरवशावर रान नांगरून, सऱ्या सोडून ठेवलेल्या असतात. दोघांचाही पैसा आधीच जमिनीत गेलेला असतो. अशा वेळी "बघू, सांगतो, पाठवतो" हे शब्द उपयोगाचे नाहीत.

ऑर्डर कागदावर घ्या

आमच्या गटात एक बाई रोपवाटिका चालवतात. शाळा सातवीपर्यंत, पण त्यांच्याकडे आजवर एकही तंटा झाल्याचे आम्ही ऐकले नाही. त्यांनी बाजारातून दुबार पावतीपुस्तक आणले आहे. सख्खा दीर ऑर्डर द्यायला आला तरी कार्बन घालून पावती करतात. एकदा आमच्यासमोरच एक पाहुणे रागावले, "आमच्यावर विश्वास न्हाई व्हय?" बाई हसून म्हणाल्या, "पाव्हणं, तुमच्यावर हाय. माझ्या डोक्यावर न्हाई. कागद त्याच्यासाठी." पाहुण्यांनी मुकाट्याने सही केली.

पावतीवर पुढील गोष्टी असाव्यात:

१. घेणाऱ्याचे नाव, गाव आणि दोन फोन नंबर. एक घरातल्या दुसऱ्या माणसाचा.

२. ऊसाची जात. नुसते "चांगली जात" नव्हे. को ८६०३२ की फुले २६५ की आणखी कोणती, ते स्पष्ट.

३. रोपांची संख्या आणि दर. पोच वाहतूक दरात आहे की वेगळी.

४. रोपे तयार होण्याची तारीख, आणि त्यानंतर किती दिवस ती राखून ठेवणार.

५. विसार किती, कसा दिला, बाकी किती.

६. रिकामे ट्रे परत करायचे असल्यास किती आणि कधीपर्यंत.

७. दोघांच्या सह्या.

संख्येचा हिशेब घेणाऱ्यासमोर बसूनच करावा. पाच फूट सरी आणि दोन रोपांत दोन फूट अंतर असेल तर एकराच्या ४३,५६० चौरस फुटांत ४,३५६ रोपे बसतात. साडेचार फूट सरीला ४,८४०. नांग्या भरण्यासाठी शंभराला पाच जादा धरली तर पाच फुटी सरीच्या एकराला ४,५७४ रोपे होतात. ४२ कपांचा ट्रे असेल तर १०९ ट्रे. हा हिशेब आधी झाला नाही तर पाच हजार रोपे नेऊन चारशे परत आणणारा गिऱ्हाईक भेटतो, आणि मग त्या चारशेंचे पैसे कोणी सोसायचे यावर वाद होतो.

विसार किती आणि कशासाठी

विसार घ्यायला पुष्कळांना संकोच वाटतो. गिऱ्हाईक भावकीतले, नाहीतर सोयऱ्यांचे. पण आपल्याकडे म्हण आहे, भीड भिकेची बहीण. विसार म्हणजे अविश्वास नव्हे, दोघांनी कामाला हात लावल्याची ती खूण आहे.

आमच्या मते एकूण रकमेच्या चौथ्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत विसार असावा. उदाहरणापुरता दर रोपाला अडीच रुपये धरला तर वरच्या १०९ ट्रेंतल्या ४,५७८ रोपांचे ११,४४५ रुपये होतात. त्यावर तीन ते पावणेचार हजार विसार वाजवी. शंभर-दोनशे रुपयांच्या विसाराने कोणी बांधला जात नाही. उलट सगळी रक्कम आधीच घेतली तर घेणाऱ्याच्या हातात रोपे तपासून बोलायला काही उरत नाही.

विसाराचे काय होणार हेही आधीच बोलावे. रोपे वेळेवर तयार असून घेणारा आलाच नाही, तर विसार जाईल की त्यातले काही परत मिळेल? रोपे तयारच झाली नाहीत तर तो किती दिवसांत परत द्यायचा? या दोन प्रश्नांची उत्तरे पावतीच्या मागे दोन ओळींत लिहिली की निम्मे तंटे जन्मालाच येत नाहीत.

आणखी एक. विसाराचे पैसे घरखर्चात मिसळू नका. रोपे देईपर्यंत ते आपले झालेले नाहीत. ज्यांनी विसारातून लग्नाचा बस्ता बांधला, त्यांना परत करायची वेळ आल्यावर पैशाचे सोंग आणता आले नाही, हे आम्ही पाहिले आहे.

पैसे आले की नाही, ते खात्यात बघा

पूर्वी रोख आणि चेक एवढेच होते. २०१६ सालापासून यूपीआय आले आणि आता बांधावरसुद्धा मोबाईलने पैसे येतात. सोय मोठी आहे, पण काही सावधगिरी हवी.

पहिली गोष्ट, समोरच्याने आपला मोबाईल दाखवला किंवा "पैसे पाठवले" असा फोटो धाडला, म्हणजे पैसे आले असे नव्हे. असे फोटो खोटे करता येतात. शिवाय व्यवहार अडकलेलाही असू शकतो. टेम्पो हलण्याआधी आपले स्वतःचे खाते उघडून रक्कम जमा झाली का ते बघावे.

दुसरी गोष्ट, पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. अनोळखी माणूस फोनवर म्हणाला, "दहा हजार रोपांची ऑर्डर देतो, आलेल्या मेसेजवर पिन टाका, विसार जमा होईल," तर फोन ठेवून द्यावा. फसगत झालीच तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर तक्रार करावी आणि बँकेलाही कळवावे.

तिसरी गोष्ट, पैसे कोणाच्या नावावरून आले ते पावतीवर लिहावे. वरच्या प्रकरणात विसार जावयाच्या मोबाईलवरून आला होता. खात्यात नाव वेगळे दिसल्याने तो शोधायलाच आम्हाला वीस मिनिटे गेली.

चेक घेतला असेल तर तो वटेपर्यंत रक्कम जमा धरू नये. चेक परत आला तर बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला समोरच्याला १५ दिवस मिळतात. ही मुदत चुकवली तर पुढे कायद्याने दाद मागणे अवघड होते.

उधारीचे पोते

उधारीचे पोते सव्वा हात रिते, ही म्हण आपल्या आज्या-पणज्यांनी उगाच केलेली नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी १८४४ साली २८ विणकर आणि इतर कामगारांनी सहकारी दुकान काढले, तेव्हा त्यांच्या नियमांत एक नियम रोखीच्या व्यवहाराचा होता. उधारीने दुकाने बुडतात आणि गिऱ्हाईकही कर्जात अडकते, हे त्या गरीब माणसांना अनुभवाने ठाऊक होते. जगभरची सहकारी चळवळ त्या दुकानाकडे आपले मूळ म्हणून बघते.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, लागणीच्या वेळी शेतकऱ्याकडे रोख असते कुठे? ते खरे आहे. म्हणून उधारी द्यायचीच नाही, असे आम्ही सांगत नाही. पण उधारी द्यायची तर रक्कम ठरवून, तारीख ठरवून आणि सही घेऊन. किती जणांना द्यायची याचीही मर्यादा आधीच घालावी. पुढच्या खेपेचे बेणे आणि कोकोपीट घेण्याइतके पैसे हातात उरलेच पाहिजेत.

इथे एक खुलासा करणे आवश्यक वाटते. काही सभासद म्हणतात, "रोपं देतो, पैसे त्यांच्या ऊस बिलातून कापून द्या." कारखान्याच्या योजनेतून दिलेल्या रोपांची वसुली बिलातून होते, कारण तसे संमतिपत्र घेतलेले असते. सभासदांच्या आपसांतल्या खाजगी व्यवहाराची कपात केवळ तोंडी सांगण्यावरून आमचा विभाग करू शकत नाही. तेव्हा त्या भरवशावर कोणी राहू नये.

आणि जो न्याय आपण कारखान्याकडे मागतो तो आपल्यालाही लागू असावा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत त्याची किंमत द्यावी लागते, उशीर झाला तर सालीना १५ टक्के व्याज. चौदाच्या ऐवजी पंधरावा दिवस उजाडला की आपण सभेत उभे राहून विचारतो, आणि विचारलेच पाहिजे. मग रोपे नेऊन दोन महिने फोन न उचलणाऱ्या सभासदाला काय म्हणायचे?

ऑर्डर पुरी होत नसेल तर

शंभर डोळे लावले म्हणजे शंभर रोपे उभी राहत नाहीत. काही डोळे फुटत नाहीत, काही रोपे मर होऊन जातात. म्हणून जितकी ऑर्डर तितकेच डोळे लावू नयेत, आणि जितके डोळे लावले तितकी ऑर्डर घेऊ नये. सगळ्यात मोठी चूक होते ती इथे. हंगामाच्या गर्दीत आलेल्या प्रत्येकाला "हो" म्हणायचे आणि मग पहिल्याची रोपे दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला अशी फिरवाफिरव करायची. "नाही, या खेपेला जमणार नाही, पुढच्या खेपेत नाव लिहू का?" असे सांगितले तर गिऱ्हाईक त्या दिवशी नाराज होते, पण वर्षानुवर्षे टिकते.

तरीही एखादी खेप फसली, तर ते कळल्याच्या दिवशीच घेणाऱ्याला सांगावे. त्याला दुसरीकडे चौकशी करायला दहा दिवस मिळतात. रोपे न्यायला टेम्पो घेऊन दारात आल्यावर सांगितले तर त्याचे भाडेही जाते आणि हंगामही. निरोप स्वतः द्यावा. तिसऱ्या माणसाकरवी दिलेला निरोप पोचतोच असे नाही, याला आमच्याइतका चांगला साक्षीदार मिळणार नाही.

हेच घेणाऱ्यालाही लागू. रान तयार नसेल, वाफसा नसेल, विचार बदलला असेल तर तसे थेट आणि आधी सांगा. रोपे नेण्याच्या दिवशी ट्रे मोजून घ्या, रोपे बघून घ्या, आणि जे खटकते ते तिथेच बोला. आठ दिवस रोपे घरामागे उन्हात ठेवून मग "निम्मी वाळकी निघाली" म्हणणे बरोबर नाही.

जातीचा विश्वास पैशापेक्षा मोठा

शेवटचा मुद्दा आमच्या खात्याचा. पैसे चुकले तर आठ दिवसांत कळते. जात चुकली तर कळायला कित्येक महिने जातात. वीतभर रोपाकडे बघून ते कोणत्या जातीचे हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. घेणारा नुसत्या तुमच्या शब्दावर ते लावतो. पुढे ऊसात दोन जाती मिसळलेल्या निघाल्या तर पक्वता मागेपुढे होते, ऊस नोंद चुकते, तोडणीचा कार्यक्रम बिघडतो. रोगट बेणे असेल तर गवताळ वाढीसारखा रोग रोपांबरोबर त्याच्या रानात जातो आणि खोडव्यात आणखी वाढतो. तीन हजारांचा विसार परत करता येतो, पण याची भरपाई कशातून करणार?

म्हणून बेणे बेणेमळ्यातलेच घ्या, ९ ते ११ महिन्यांचे घ्या, आणि ते कोठून आणले त्याची पावती जपून ठेवा. गिऱ्हाईकाने मागण्याआधी ती दाखवा. प्रत्येक जातीच्या ट्रेंवर पाटी लावा. एखाद्या खेपेत जातीची सरमिसळ झाल्याची शंका आली, तर ती खेप विकू नका. नुकसान होईल, पण नाव राहील.

विश्वास पानिपतात गेला, असे आपण थट्टेने म्हणतो. पण आपला सहकार उभा राहिला तो विश्वासावरच. १९५० साली प्रवरेला पहिल्या सहकारी साखर कारखान्याची चाके फिरली. त्याआधी धुराडे उभे नसताना शेतकऱ्यांनी भागाचे पैसे भरले होते. तो एका अर्थाने विसारच होता. आणि त्या पैशांचा हिशेब वहीत लिहिला जात होता, म्हणून तो विश्वास टिकला.

आमच्यापुरते आम्ही एक ठरवले आहे. सभासदाचा कोणताही निरोप घेतला की त्याच्यासमोरच डायरीत लिहायचा आणि पोचवल्यावर त्यावर खूण करायची. रोपांच्या ऑर्डरीचा छापील नमुना गट ऑफिसात ठेवला आहे. रोपवाटिका चालवणाऱ्या सभासदांनी तो घेऊन जावा, अडचण असेल तर भरायला आम्ही मदत करू.

आणि ते दोघे? यंदा आडसाली लागणीच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, ते घेणारे सभासद त्याच रोपवाटिकेत गेले. ऑर्डर नोंदवली, विसार दिला, पावतीवर दोघांच्या सह्या झाल्या. पावतीची झेरॉक्स घेऊन ते गट ऑफिसात आले आणि टेबलावर ठेवत म्हणाले, "ही तुमच्यासाठी, साहेब. या खेपेला विसरू नका."

आम्ही ती डायरीत चिकटवून ठेवली आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी